नवी चेन टाकली तेव्हापासून सटकते! (जुनी बरी होती)

अर्धाकप | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच लिहितो आहे, एरवी मी वाचून गप्प बसणाऱ्यांतला.

सायकल साधी एमटीबी (माउंटन बाइक), समोर तीन गिअर, मागे सात. घर नागपुरात त्रिमूर्तीनगरला, ऑफिस सिव्हिल लाइन्सला, येऊन-जाऊन साधारण १५ किलोमीटर. अडीच वर्षं झाली, दोन पावसाळे पाहिले सायकलने. मागच्या आठवड्यात ब्रेकचे रबर बदलायला एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने चेन बोटाने उचलून बघितली आणि म्हणाला, ‘भैया, चेन खतम है, बदल लो.’ बदलली. खरं सांगायचं तर जुनी चेन मला काही त्रास देत नव्हती, थोडा आवाज करायची एवढंच.

नवी टाकल्यापासून सटकते. आरामात चालवताना मधूनच बारीक ‘टक्’, आणि जोर दिला की मोठा ‘खटाक्’, पाय एकदम रिकामा पुढे जातो. रविवारी सकाळी फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सला चढत होतो. सीटवरून उठून जोर लावला आणि पाय असा सुटला की गुडघा हँडलला आदळला. मागच्या स्कूटीवाल्या काकांनी ‘अबे सांभाळून’ म्हटलं, तेवढीच सहानुभूती.

दुकानात परत गेलो. त्याने मागचे स्क्रू इकडे-तिकडे फिरवले, चाक हवेत फिरवून दाखवलं, ‘हो गया’. शंकरनगर चौकापर्यंत परत तेच. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणे नवी चेन आहे, बसायला वेळ लागते. चेन खरंच अशी ‘बसते’ का?

तर्रीबाज | सोमवार, रात्री ९:५२

ग्रीस लाव भाऊ. भरपूर लाव. माझ्या शाळेच्या सायकलला लावायचो, एकदम मख्खन.

वायफळ | सोमवार, रात्री १०:०५

शाळेत तुझी पँट आठवते आम्हाला. उजवा पाय काळा, डावा खाकी.

धंतोलीची सई | सोमवार, रात्री १०:१०

ग्रीस नको हं! नागपूरच्या धुळीत ग्रीस लावणं म्हणजे चेनला पॉलिश पेपर गुंडाळणं. तेल आत, पिनेजवळ लागायला हवं आणि बाहेरून चेन कोरडी हवी. ग्रीस आत जातच नाही, बाहेर बसून माती गोळा करते.

आणि अर्धाकप, हे नीट होईपर्यंत सीटवरून उठून जोर लावू नका. माझ्या मैत्रिणीची चेन अशीच सटकली होती, हनुवटीला तीन टाके.

शून्य मैल | सोमवार, रात्री १०:३१

‘चेन सटकते’ म्हणजे डॉक्टरकडे जाऊन ‘पोट दुखते’ म्हणणं. आधी एवढं सांगा.

सगळ्या गिअरला होते की ठरावीकच? सटकली की चेन त्याच चकतीवर (मागच्या दातेरी चाकावर) राहते की शेजारच्या चकतीवर उडी मारते? जोर नसताना होणारा ‘टक्’ आणि चढावरचा ‘खटाक्’ एकच आहे असं तुम्ही धरून चालला आहात, ते तसं असेलच असं नाही. आणि नवी चेन सात गिअरचीच आहे ना? सहा, सात, आठ गिअरला एकच चेन चालते, पण काळ्या साध्या सायकलची जाड चेन कोणी टाकली असेल तर ती या चकत्यांमध्ये नीट चालणारच नाही.

पुणेरी पायडल | सोमवार, रात्री ११:१५

शंभर टक्के इंडेक्सिंग, म्हणजे गिअर आणि केबलचा मेळ बिघडलाय. दहापैकी आठ सायकलींना हाच रोग असतो. दुकानदाराने स्क्रू फिरवले म्हणता, म्हणजे त्याने ते दोन लिमिटचे स्क्रू फिरवले असणार. त्या स्क्रूंचं काम एवढंच, की चेन शेवटच्या चकतीपलीकडे स्पोकमध्ये किंवा फ्रेमच्या बाजूला पडू नये. मधल्या गिअरशी त्यांचा संबंध नाही.

मधले गिअर केबलच्या ताणावर चालतात. केबल मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) शिरते तिथे बोटाने फिरणारी खाचांची गोल नॉब असते. चेन मोठ्या चकतीवर चढायला कां-कूं करत असेल तर नॉब घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवायची, ताण वाढतो. लहान चकतीवर उतरायला वेळ लावत असेल तर उलट. एका वेळी पाव फेरी, जास्त नाही.

त्यानेही जमलं नाही तर केबलच्या बाहेरची नळी बघा. पावसाळ्यात आत पाणी जाऊन गंजते, केबल अडकते, मग ताण कितीही लावा. आणि सायकल कधी उजव्या बाजूला पडली असेल तर डिरेलर ज्या कानावर लटकतो तो हँगर वाकलेला असू शकतो. मागून, चाकाच्या रेषेत डोळा लावून पाहायचं. डिरेलरच्या दोन्ही पुली चकतीच्या बरोबर खाली, सरळ रेषेत दिसायला हव्यात. खालची पुली स्पोककडे झुकलेली असेल तर हँगर वाकला समजा.

आमच्याकडे पुण्यात सायकलिंगचं वातावरण जुनं असल्याने ही माहिती बऱ्याच जणांना असते.

तर्रीबाज | सोमवार, रात्री ११:१७

आलं. शेवटचं वाक्य आलं. मी घड्याळ लावून बसलो होतो.

अर्धाकप | मंगळवार, सकाळी ७:२०

सगळ्यांचे आभार. शून्य मैल, तुमच्या प्रश्नांची उत्तरं ऑफिसला निघायच्या आधी कॉलनीत चार चकरा मारून आणली.

बारीक ‘टक्’ सगळ्या गिअरला येतो. मोठा ‘खटाक्’ मागच्या लहान बाजूकडून तिसऱ्या चकतीवर हमखास, चौथ्यावर क्वचित, बाकी कुठे नाही. सटकल्यावर चेन त्याच चकतीवर राहते. चेन सात गिअरची आहे, डबी पाहिली.

पुणेरी पायडल, नॉब पाव-पाव फेरी दोन्हीकडे फिरवून पाहिली. गिअर आधीपेक्षा गुळगुळीत पडायला लागले, याबद्दल खरंच धन्यवाद. पण खटाक् तिथेच. हँगर सरळ दिसतो.

मोतीबाग फिटर | मंगळवार, दुपारी १:०५

मी रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपातून रिटायर झालो. आमच्या हातात नॅरो गेजचे डबे होते, सायकल हा घरचा विषय. पण कोणताही खट् आवाज आला की आमचे साहेब एकच सांगायचे: आधी मोज, मग पाना उचल.

तं मोज. पायडलच्या एका फेरीत एकदा येतो? मंग समोरच्या चेनव्हीलचा (पायडलजवळच्या दातेरी चाकाचा) एखादा दात वाकला. पायडलच्या एका फेरीत दोनदा, म्हणजे चाकाबरोबर येतो? मंग मागच्या चकतीचा दात. त्याहून उशिरा, तीन-चार फेऱ्यांनी एकदा, पण अगदी नेमानं येतो? मंग चेनचीच एखादी कडी. चेन लांब असते, पूर्ण फिरून यायला तिला वेळ लागते. अन् काही नेमच नाही, जोर दिला की येते, नाही तं नाही, ते झीज.

तुझ्या समोरच्या मधल्या चेनव्हीलला दात किती? अन् चेनच्या कड्या किती? मोजून सांग. तोंडी नको.

वायफळ | मंगळवार, दुपारी १:३०

काका, गणिताच्या मास्तरांनंतर ‘तोंडी नको’ पहिल्यांदा ऐकलं.

अर्धाकप | मंगळवार, रात्री ८:५५

काका, मोजलं!! मधल्या चेनव्हीलला ३८ दात. चेनच्या कड्या दोनदा मोजल्या, ११४. भाग दिला, बरोबर ३. आणि बारीक ‘टक्’ येतो तो दर तिसऱ्या पायडलला. बायकोला मागे धावायला लावून मोजलं, कारण मी चालवताना मोजत होतो तर दर वेळी चौदावर विसरायचो. ती म्हणाली की कॉलनीतले लोक आपल्याला आता वेगळ्या नजरेने बघणार.

मोतीबाग फिटर | मंगळवार, रात्री ९:१०

मंग कडीच आहे. अन् कोणती तेही सांगतो: जोडलेली. दुकानदाराने नवी चेन कापून तुझ्या मापाची केली, पिन परत ठोकली, तिथली पिन अंमळ जास्त घट्ट बसली. ती कडी वाकत नाही. सायकल स्टँडवर लाव, पायडल उलटं हळूहळू फिरव, डिरेलरच्या खालच्या पुलीवर नजर ठेव. सगळ्या कड्या गोल वळून जातील, एक कडी कोपर न वाकवलेल्या हातासारखी ताठ जाईल. तिथं खडूने खूण कर.

मंग दोन्ही अंगठे त्या पिनेच्या दोन बाजूला, अन् चेन आडवी, म्हणजे ज्या दिशेने ती वळायची नाही त्या दिशेने, हळू मागे-पुढे वाकव. दोन-तीनदा. पक्कड वापरायची नाही, ताकद दाखवायची नाही. पिनेवर तेलाचा एक थेंब. बस.

शून्य मैल | मंगळवार, रात्री ९:२५

फिटरकाकांच्या कृतीत माझी एक भर. हाताने सुटली नाही तर चेन कापायच्या हत्याराने पिन एकदम थोडी, पाव फेरीपेक्षा कमी, ढकलायची. आणि नंतर पिन दोन्ही बाजूंना सारखी बाहेर आहे ना ते नखाने चाचपायचं. एका बाजूने आत गेलेली पिन नेमकी भर रस्त्यात सुटते.

अर्धाकप | मंगळवार, रात्री १०:२०

सापडली! जोडाचीच कडी. अंगठ्यांनीच सुटली. आता रात्री दहाला कॉलनीत चक्कर मारून आलो, ‘टक्’ गायब. फिटरकाका, तुम्ही सायकल बघितली नाही, आवाज ऐकला नाही, आणि प्रतापनगर-त्रिमूर्तीनगरच्या कडीवर बोट ठेवलं.

पण चढावरचा खटाक् अजून आहे. तिसऱ्या चकतीवर.

शून्य मैल | मंगळवार, रात्री १०:४०

म्हणूनच म्हटलं होतं, आवाज दोन आहेत. पहिला गेला, आता दुसरा एकटा सापडला, त्यामुळे सोपं झालं.

ठरावीक चकती, जोर दिल्यावरच, नेम नाही, नवी चेन. मला यात शंका फार कमी आहे. पण एक प्रश्न. जुनी चेन दुकानातच टाकून आलात की घरी आणली?

अर्धाकप | बुधवार, सकाळी ६:५०

आणली. बाल्कनीत पिशवीत लटकते आहे. बाबांचं तत्त्व, लोखंड फेकायचं नाही.

शून्य मैल | बुधवार, सकाळी ९:१५

बाबांना नमस्कार सांगा.

आता ती चेन टेबलावर सरळ ताणून ठेवा आणि इंचाची स्टीलची पट्टी घ्या. मुलांच्या कंपासपेटीतली नको, ती पुरत नाही, आणि प्लास्टिकच्या पट्टीचा भरवसाही नाही. सायकलच्या चेनची एक कडी, पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. काळी दूधवाली सायकल असो की लाखाची, हे माप सगळीकडे एकच, जाडी तेवढी वेगळी. म्हणजे २४ कड्या नेमक्या १२ इंच भरायला हव्यात. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि चोविसावी पिन कुठे येते ते पाहा. बारा इंचांच्या रेघेवर आली तर चेन नवीसारखी. १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे गेली, तर बदलायची वेळ. १/८ इंच, तीन मिलिमीटरच्या वर पुढे गेली असेल, तर चेनने चकत्याही सोबत नेल्या असं समजायचं.

तर्रीबाज | बुधवार, सकाळी ९:४०

लोखंडाची चेन ताणते कशी बे? रबर आहे का?

शून्य मैल | बुधवार, सकाळी १०:२०

रास्त प्रश्न आहे. ताणत नाही. ‘चेन लांबली’ हा बोलायचा प्रकार. पट्ट्या होत्या तेवढ्याच असतात. झिजते ती आतली पिन आणि पिन ज्या भोकात फिरते ते भोक. धूळ-तेलाचा लगदा आत गेला की तो घासत राहतो. एका कडीमागे झीज किती? एक टक्का म्हटलं तर ०.१३ मिलिमीटर, वहीच्या जाडसर पानाएवढी. पण ११४ कड्यांची मिळून बेरीज बघा.

आता चकतीचं काय होते ते. चेनच्या दोन रोलरमधलं अंतर वाढलं की रोलर दाताच्या तळाशी न बसता वर चढून चालतात आणि खाच हळूहळू पुढे ढकलत नेतात. दात आकड्यासारखे होतात. जुनी चेन आणि जुनी चकती एकत्र झिजलेली, म्हणून जुन्या नवरा-बायकोसारखं त्यांचं जमून गेलेलं. मध्ये नवी, मापाची चेन आणली. तिचे रोलर त्या बिघडलेल्या खाचेत तळाला बसतच नाहीत, उतारावर टेकून राहतात. जोर नसेल तोवर चालते. जोर आला की रोलर दातावरून चढून पुढच्या खाचेत, तोच तुमचा खटाक्.

आणि ‘बसायला वेळ लागते’ याचं उत्तर: बसत नाही. दुकानदार म्हणतो तसं चालवत राहिलात तर नवी चेन जुन्या चकतीच्या हिशेबाने झिजून जाईल, मग सटकणं कमी झाल्यासारखं वाटेल. त्याला बसणं म्हणायचं तर म्हणा.

पुणेरी पायडल | बुधवार, दुपारी १२:००

मी माझं ‘शंभर टक्के इंडेक्सिंग’ मागे घेतो. चौदा टक्के धरा.

धंतोलीची सई | बुधवार, दुपारी १२:१५

पुण्याहून माघार! हा स्क्रीनशॉट मी जपून ठेवते आहे.

पण माझा प्रश्न, तिसरीच चकती का? सातही चकत्या सारख्याच जुन्या ना?

मोतीबाग फिटर | बुधवार, दुपारी २:३०

कारण आपलं नागपूर सपाट. पोट्टा त्रिमूर्तीनगरहून निघाला की समोर मधलं, मागे तिसरं, अन् तसाच सिव्हिल लाइन्सला पोचला. गिअर बदलायचं कारणच नाही पडत. सात चकत्या विकत घेतल्या, चालवली एकच. सिमेंटच्या गुळगुळीत रस्त्यानं तं आणखीच. सेमिनरी हिल्स सोडलं तं आपल्याकडे चढ म्हणून काय आहे? उड्डाणपूल.

अर्धाकप | बुधवार, रात्री ९:३०

हे वाचून गार पडलो. एकदम खरं. मी तिसऱ्यावरून हलतच नाही. उन्हाळ्यात कधीतरी चौथा. पहिला अन् सातवा तर मी डेमो म्हणूनच वापरतो.

मोजलं. जुन्या चेनची चोविसावी पिन बारा इंचांच्या तीन मिलिमीटर पुढे. नवी चेन बरोबर बारावर. आणि टॉर्च लावून दात बघितले: तिसरी चकती, १८ दातांची, तिचे दात एका बाजूला कललेले, टोकं पातळ. पलीकडची पाचवी बघितली तर दात कसे जाड, टोकाला सपाट, शोरूममधल्यासारखे. दोघी इतक्या जवळ नसत्या तर फरक लक्षातही आला नसता.

इतवारी | बुधवार, रात्री ९:४५

धागा हायजॅक करतो, माफ करा. बाबांची जुनी काळी सायकल आहे, गिअर नाही काही. तिची चेन सटकत नाही, सरळ उतरते. महालातून जाताना खड्डा आला की हमखास. तेही हेच का?

मोतीबाग फिटर | बुधवार, रात्री ९:५८

नाही रे. ते ढिलं आहे. बिनागिअरच्या सायकलला ताण धरणारा डिरेलर नसते, तं ताण चाकानेच द्यायचा. मागचे दोन्ही नट सैल कर, चाक मागे ओढ, चाक फ्रेमच्या मधोमध ठेवून नट आवळ. खालची चेन मधोमध बोटाने वर-खाली हलव, अर्धा-पाऊण इंच हलली पाहिजे. त्याहून घट्ट केली तं बेअरिंग रडते. अन् पायडल पूर्ण फिरवत बघ, चेनव्हील थोडं वाकडं असलं तं एका जागी घट्ट, एका जागी ढिलं होते. सगळ्यात घट्ट जागेवर माप घे.

एवढं करून चाक मागे जायला जागाच नाही उरली, तं चेन संपली.

तर्रीबाज | बुधवार, रात्री १०:१०

मग अर्धाकप, आता काय? चूक कोणाची? जुनी चेन ठेवली असती तर हे झालंच नसतं ना?

शून्य मैल | बुधवार, रात्री १०:३५

झालं नसतं, आत्ता तरी. जुन्या चेनवर आणखी काही महिने चालली असती. यावर दोन मतं आहेत आणि माझं मत दरवर्षी बदलतं, त्यामुळे दोन्ही सांगतो. एक, चेन अर्धा टक्का झिजली की बदला, चकत्या वाचतात. दुसरं, साध्या सायकलचं फ्रीव्हील (मागच्या सगळ्या चकत्यांचा संच) महाग नसतं, तेव्हा चेन आणि फ्रीव्हील एकत्र मरू द्या, एकत्र बदला. महागडी कॅसेट (भारी सायकलींतला चकत्यांचा संच) असेल तर पहिलं मत. अर्धाकपच्या सायकलला मी दुसरं सांगितलं असतं. पण अर्ध्यात चेन बदलून फ्रीव्हील जुनं ठेवणं, हे दोन्हीकडून मार खाणं.

दुकानदाराची चूक एवढीच, की चेन मोजली असती तर त्याला तिथेच कळलं असतं.

धंतोलीची सई | बुधवार, रात्री १०:५०

आणि फ्रीव्हील बदलताना एक तपासा: कुत्रे. म्हणजे फ्रीव्हीलच्या आतल्या त्या दोन खिट्ट्या, ज्यांचा कर्रकर्र आवाज येतो. त्या चिकटल्या की पायडल एकदम पोकळ पुढे जातं आणि लोक त्यालाही ‘चेन सटकली’ म्हणतात. फरक असा, की त्यात चेन दातावर जागच्या जागी असते, फ्रीव्हीलच आत घसरतं, आणि ते कुठल्याही गिअरला होतं. माझ्या सायकलला झालं होतं. आत जुनं तेल घट्ट झालेलं, पातळ तेल सोडून फिरवलं आणि सुटलं. अर्धाकपचं ते नाही, पण धागा शोधत येणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

अर्धाकप | शनिवार, रात्री ८:१५

अपडेट. फ्रीव्हील आणलं, सात चकत्यांचं, १४ ते २८ दातांचं, जुन्यासारखंच. म्हटलं घरीच बदलू. काढायचं खाचांचं हत्यार मित्राकडून आणलं.

मागचं चाक काढलं, नट काढला, हत्यार खाचेत बसवलं आणि पान्याने ओढलं. काही नाही. पान्याला पाइप लावला. काही नाही. मित्र चाक धरून बसला, मी पाइपवर उभा राहिलो. हत्यार खाचेतून निसटलं, मी तुळशीवृंदावनावर. आई बाहेर आली, तिने आधी तुळस बघितली, मग मला.

मग फिटरकाकांना व्यक्तिगत निरोप टाकला.

मोतीबाग फिटर | शनिवार, रात्री ८:३०

त्याला सांगितलं ते इथंही लिहितो, पुढच्याच्या तुळशीचं भलं होईल. फ्रीव्हील आट्यावर बसते अन् तू जितकं पायडल मारते तितकं ते स्वतःच आवळत जाते. अडीच वर्षांचा जोर त्या आट्यात आहे. तं हत्यार बसवल्यावर त्यावर धुऱ्याचा नट परत लावायचा, बोटाने आवळेल इतकाच, म्हणजे हत्यार निसटणार नाही. मंग हत्यार बाकाच्या वाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या पकडीत, पकडायचं, चाक वर आडवं, अन् चाकच दोन्ही हातांनी बसच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं. चाकाएवढा लांब पाना दुसरा कोणता आहे? एकदा ‘टण्’ करून सुटलं की थांबायचं, नट काढायचा, मंग पुढे. नट तसाच ठेवून फिरवत राहिला तं धुरा मोडते.

वाइस कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे सापडते.

अर्धाकप | शनिवार, रात्री ८:५०

तसंच केलं. इतवारीतल्या एका वर्कशॉपात गेलो, त्यांनी वाइस वापरू दिला, पैसे घेतले नाहीत, उलट तिघं बघायला जमले. एका झटक्यात सुटलं. नव्याच्या आट्याला ग्रीस लावून (तर्रीबाज, बघ, ग्रीसला शेवटी जागा मिळाली) हाताने, आटा तिरका जाऊ न देता बसवलं.

तर्रीबाज | शनिवार, रात्री ८:५५

मी म्हटलंच होतं ग्रीस लाव. पहिलंच उत्तर होतं माझं. वर जाऊन बघा.

इतवारी | शनिवार, रात्री ९:०५

फिटरकाका, चाक मागे ओढलं, महालातून तीन दिवस आलो-गेलो, एकदाही उतरली नाही. बाबा म्हणून राहिले, ‘मी हेच सांगत होतो.’ त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं.

आता तेलाचं सांगा कोणी. घरी खोबरेल आहे, चालेल का?

धंतोलीची सई | शनिवार, रात्री ९:२०

मेपर्यंत चालेल, डिसेंबरात चेन डोक्याला लावावी लागेल. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, आपल्याकडे डिसेंबरात रात्री पारा १० च्या आसपास येतो.

शिलाई मशीनचं तेल चालतं, फक्त लवकर उडतं, पावसाळ्यात तर एका भिजण्यात जातं. सायकलचं तेल मिळालं तर उत्तम. कसं लावायचं ते जास्त महत्त्वाचं: आधी मातीतेलात किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने चेन पुसा (पेट्रोल नको, घराजवळ तर नकोच), वाळू द्या, मग पायडल उलटं फिरवत एकेका रोलरवर एकेक थेंब. दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. पुसणं लोक विसरतात. चेन हात लावल्यावर काळी लागली की समजा, पुसायची राहिली.

अर्धाकप | रविवार, सकाळी ९:१०

फुटाळ्यावरून लिहितो आहे. पहाटे निघालो. अमरावती रोडला मुद्दाम तिसऱ्या चकतीवर, सीटवरून उठून, पूर्ण जोर. काही नाही. मग सेमिनरी हिल्सचा चढ, तिथेही तिसऱ्यावर. मूर्खपणा होता, गुडघे अजून थरथरताहेत, पण चेन एकदाही हलली नाही. वर टीव्ही टॉवरपाशी थांबून पुली, हँगर, सगळं उगाच बघत बसलो. एक काका विचारून गेले, ‘पंक्चर का?’

येताना सगळे सात गिअर वापरले. एकेक किलोमीटर एकेक. पहिल्यावर उगाच धाप लागली, सातव्यावर पाय नुसते भिरभिरत होते आणि एका आजोबांनी चालत मला मागे टाकलं. पण फिटरकाका, आता चकत्या सारख्या झिजतील.

मोतीबाग फिटर | रविवार, सकाळी ९:४०

सातही झिजवू नको रे, मधल्या तीन-चार आलटून-पालटून वापर, पुरे झालं. अन् समोर मोठं असताना मागे सगळ्यात मोठी चकती लावायची नाही, चेन तिरकी ओढल्या जाते.

जुनं फ्रीव्हील फेकलं नाही ना?

अर्धाकप | रविवार, सकाळी ९:४४

बाबांनी बाल्कनीत लटकवलं. जुन्या चेनच्याच पिशवीत.

मोतीबाग फिटर | रविवार, सकाळी ९:५०

चांगलं केलं. पुढच्या वेळी नातवाला घेऊन येतो तुमच्याकडे. १८ दातांची चकती अन् पाचवी, दोन्ही त्याला हातात देऊन दाखवायच्या आहेत. पोट्टं इंजिनिअरिंगला आहे, झीज पुस्तकात वाचून राह्यलं.

वायफळ | रविवार, सकाळी १०:०२

पोहे कुठे आहेत ते सांगा, मी निघालो.